खाल्ल्या मिठाचे काय?



गेल्या हिवाळ्यात माझा भाचा आइंडहोवनहून भेटायला आला. चहा घेता घेता म्हणाला, "मामा, मी नोकरी बदलतोय." सहा वर्षांतली ही चौथी. मी पडलो निवृत्त मास्तर, सवयीने सुरू झालो, "अरे, खाल्ल्या मिठाला जागावे माणसाने!" तो शांतपणे म्हणाला, "मामा, मीठ खाल्लं कुणाचं? दोन वर्षांत माझे तीन साहेब बदलले. इमान ठेवायचं ते कुणाशी?" मला उत्तर सुचले नाही. ते शोधण्यासाठी हा लेख.

माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत हिशेबनीस होते. नोकरीला लागताना त्यांनी एकच गोष्ट मागितली: शनिवारी शब्बाथ पाळू द्या, रविवारी येऊन खातेवह्या पुऱ्या करीन. मॅनेजरसाहेब "ठीक आहे" म्हणाले. त्या दोन शब्दांवर वडिलांनी तिथे ३१ वर्षे काढली. दुसरीकडून जास्त पगाराचे बोलावणे आले, की ते विचारीत, "शनिवार मिळेल का?" पुढे मॅनेजर गेले, मालक बदलले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही आणि कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्या नाहीत. त्यांत आमचीही होती. ग्रॅच्युइटीसाठी वडील दर महिन्याला बंद फाटकापर्यंत जाऊन येत. ती पुरी कधी हाती पडली नाही. तरी त्यांच्या तोंडून शिवी आली नाही. एवढेच म्हणत, "ज्यांनी शनिवार दिला ती माणसे वेगळी होती."

आपल्या या हॉलंडमध्येही तीच गोष्ट घडली आहे. १८९१ साली आइंडहोवनला फिलिप्सचा कारखाना निघाला. मालकांनी १९१० पासून कामगारांसाठी वसाहत उभारली. १९१३ साली क्रीडामंडळ काढले, तेच आजचे पीएसव्ही. बाप, मुलगा, नातू एकाच कारखान्यात लागत. जर्मन अंमलात १९४३ साली फ्रिट्स फिलिप्स स्वतः वुख्टच्या छावणीत कैदेत होते. यहुदी कामगारांवाचून कारखान्याचे काम अडेल, असे त्यांनी नाझींना पटवले आणि त्यामुळे ३८२ जीव वाचले. १९९६ साली याद वाशेमने त्यांचा सन्मान केला. मात्र त्याच कंपनीला १९९० साली तोटा आला, तेव्हा 'सेंच्युरियन' नावाची मोहीम निघाली आणि जगभरच्या चाळीस हजारांहून अधिक नोकऱ्या गेल्या. नव्वदच्या दशकात मुख्य कचेरीही ॲमस्टरडॅमला हलली. तोटा खरा होता. कंपनी बुडाली असती तर सगळ्यांच्याच नोकऱ्या गेल्या असत्या. पण तेव्हापासून बाप मुलाला "तिथेच चिकटून राहा" असे कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणजे दोष सगळा मालकांचा का? इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. या देशात आल्यावर एका लहान शाळेने माझी मोडकी डच सांभाळून घेऊन मला गणित शिकवायला ठेवले. चार वर्षांनी मोठ्या शाळेत जागा निघाली, तशी मी वर्षाच्या मध्यावरच ती धरली. परीक्षेचा वर्ग दोन महिने मास्तरांवाचून राहिला. कायद्याची मुदत मी पाळली होती. पण मुख्याध्यापिका एवढेच म्हणाल्या, "आधी बोलला असता, तर काही तजवीज केली असती." ते वाक्य अजून बोचते. भाच्याला उपदेश करताना मी ते सोयीस्कर विसरलो होतो!

आपल्या याकोबाची गोष्ट आठवा. लाबानाकडे तो वीस वर्षे राबला. लाबानाने दहा वेळा मजुरी बदलली, तरी याकोबाने कळपात कसूर केली नाही. पण शेवटी तो गुपचूप निघाला, आणि लाबानाची पहिली तक्रार तीच होती: न सांगता का गेलास? लाबान लबाड खरा, तरी त्या प्रश्नात तथ्य आहे. तोरा सुटणाऱ्या दासालाही रिकाम्या हाताने पाठवू नको म्हणते. इस्राएलच्या १९६३ च्या कायद्यात बडतर्फ माणसाला दर वर्षामागे एका महिन्याचा पगार मिळतो. इथेही २०१५ पासून अशी भरपाई द्यावी लागते, दर वर्षामागे महिन्याच्या पगाराचा तिसरा हिस्सा. पण कायदा पैसे देववतो. समोर बसून वेळेवर खरे सांगणे, हे काही कायद्याने होत नाही.

तेव्हा भाच्याला माझे उत्तर असे. कंपनीच्या पाटीशी जन्माचे इमान राखायला तू बांधलेला नाहीस. पाटी इमान परत करू शकत नाही. पण हातातले काम, शेजारी बसणारा सोबती आणि तुला कधी 'शनिवार' देणारा माणूस, यांच्याशी इमान राख. जाताना काम नीट हवाली कर आणि आधी सांगून जा. मालकाकडूनही तेवढेच माग.

परवा भाच्याचा फोन आला. जुन्या ठिकाणी तो एक महिना जादा थांबला होता, नव्या मुलीला काम शिकवायला. "साहेबांसाठी नाही हं मामा," म्हणाला, "त्या मुलीसाठी." वडील असते तर त्यांना हे पटले असते. वाचकहो, तुम्हांला काय वाटते, जरूर लिहा.