वेग कुणाचा?

जालना जिल्ह्यातली सर्वांत प्रसिद्ध धाव बोहल्यावरून सुरू झाली. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा नारायण ठोसर, जन्म १६०८चा. ‘सावधान’ ऐकलं आणि अंतरपाटाआडून निसटला, असं परंपरा सांगते. वय १२. कथेचा पुढचा भाग मात्र बरेचदा घाईत उरकला जातो. हा पळालेला मुलगा नाशिकजवळ टाकळीला पोहोचला आणि १२ वर्षं तिथेच राहिला. रोज पहाटे कमरेइतक्या पाण्यात, एका जागी उभा.

पुढे तो समर्थ रामदास झाला आणि महाराष्ट्राला प्रयत्नवाद शिकवू लागला. पण वेग हा प्रयत्नाचा की प्रारब्धाचा?

हा प्रश्न फुटबॉलच्या मैदानावर नेऊन पाहू. कोल्हापूरचा विंगर अनिकेत जाधव, जन्म २०००चा. ऑक्टोबर २०१७मध्ये भारत पहिल्यांदाच फिफाच्या विश्वचषकात उतरला, १७ वर्षांखालील मुलांच्या. अनिकेत त्या संघात होता. अमेरिका, कोलंबिया, घाना, तिघांशीही हार. पुढच्याच महिन्याच्या अखेरीस इंडियन ॲरोजकडून आय-लीगच्या मोसमातल्या पहिल्याच सामन्यात त्याने चेन्नई सिटीवर दोन गोल चढवले. मग जमशेदपूर, इंग्लंडात ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सराव, आणि २०२२मध्ये आयएसएल जिंकणारा हैदराबादचा संघ.

दैववादी म्हणेल, पायातला वेग जन्माचा. शरीरशास्त्रही त्याला बरीच साथ देतं. झटकन आकसणारे स्नायुतंतू किती, हे पुष्कळसं वारशाने ठरतं. पण विंगेवरचा खेळ जरा जवळून पाहा. पोरगं टचलाइन धरून सुटतं, बॅक मागे पडतो, गॅलरी उठून उभी राहते. तिथे मान खाली घालूनच बॉल हाणला, तर तो गोलीच्या हातात नाहीतर गोलपोस्टामागे. मुरलेला विंगर शेवटच्या दोन पावलांत थबकतो, मान वर करतो, डीमध्ये कोण घुसलंय ते हेरतो आणि मग क्रॉस टाकतो. पळणं आईबापांकडून आलं. थबकणं त्याने स्वतः कमावलं.

कोल्हापुरात कमावण्याचं हे तत्त्वज्ञान संघांच्या नावातच आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. फुटबॉलचे संघ, आडनाव आखाड्याचं! आणि तालीम म्हटली की मारुती आलाच. समर्थांच्या ११ मारुतींपैकी मनपाडळे आणि पारगावचे याच जिल्ह्यातले. मारुतीच्या स्तुतीत वाऱ्याचा वेग आणि इंद्रियांवरचा ताबा एका दमात येतात, हे उगाच नाही.

तरीही प्रयत्नवादाला एक अवघड जागा आहे, आणि ती जालन्यातच सापडते. जालन्याच्या क्रिकेटपटू विजय झोलने २०११मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या. २०१४च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. वरिष्ठ संघाची टोपी मात्र मिळाली नाही. ४५१ धावा काढणाऱ्याला ‘प्रयत्न कमी पडले’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं? प्रयत्नाची शिकवण दुसऱ्याच्या अपयशाचा हिशेब मांडायला वापरली, की ती निर्दय होते. ती स्वतःपुरतीच बरी.

समर्थांना हे ठाऊक असावं. दासबोधाच्या बाराव्या दशकात नववा समास यत्नशिकवणीचा आहे. त्याच्या अगदी आधीचा, आठवा, काळरूपाचा.