कालवडीची मर्जी

स्पेनच्या सरकारी वाहिनीवर १९९५ पासून उन्हाळ्यात ‘ग्रान प्री’ हा कार्यक्रम लागे. दोन लहान गावं आमनेसामने. गावकरी विचित्र सोंगं घेऊन घसरत, आपटत आणि प्रेक्षकांतले गाववाले ओरडून घसा बसवून घेत. रिंगणात एक कालवडही सोडत. ती शिंगं रोखून मागे लागली की हशा पिके. २०२३ मध्ये कार्यक्रम नव्याने आला, तेव्हा कालवडीच्या जागी तिचं सोंग घेतलेला माणूस होता. अनेकांना हा शहरी हळवेपणा वाटला. मला तो खेळाच्या धर्माला धरून वाटतो. डच इतिहासकार योहान हायझिंगा यांनी १९३८ मध्ये खेळाचं पहिलं लक्षण सांगितलं ते स्वेच्छा. हुकमाने होतो तो खेळ नव्हे.

कालवडीला कुणी मारत नसे, मग अन्याय कसला, असं कुणी म्हणेल. पण इजा न होणं वेगळं आणि खेळात असणं वेगळं. घसरणारा गावकरी आपलं हसं आपल्या मर्जीने करून घेतो. त्याच्यावरही गावाचा दबाव असतोच, हे खरं. तरी अपुरी संमती म्हणजे संमतीचा अभाव नव्हे. तो ‘नको’ म्हणू शकतो, कालवड नाही. उरतो परंपरेचा मुद्दा. २०२३ मध्येच आपल्या सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. कायदा आणि परंपरा मिळून शर्यतीला परवानगी देऊ शकतात. बैलाच्या वतीने होकार मात्र देऊ शकत नाहीत.