भुकेची मर्यादा

अति तेथे माती, असे आपण सहज म्हणून जातो. हा न्याय निसर्गालाही लागू आहे का? आणि असल्यास, त्यावरून माणसाने आपली नीती ठरवावी का? एका दूरच्या दीर्घिकेविषयी वाचताना हा प्रश्न माझ्या मनात उभा राहिला.

आर्मेनियाचे खगोलशास्त्रज्ञ बेंजामिन मार्कारियन यांच्या सूचीतील ही दीर्घिका ‘मार्कारियन २३१’ या नावाने ओळखली जाते. ती आपल्यापासून सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्या केंद्रस्थानी एक प्रचंड कृष्णविवर आहे. भोवतालचा वायू त्याच्याकडे ओढला जातो. आत पडण्यापूर्वी तो तबकडीच्या आकारात फिरत राहतो, घर्षणाने तापतो आणि प्रखर तेजाने उजळतो. त्या तेजाच्या दाबाने आणि तेथून सुटणाऱ्या वेगवान वाऱ्यांनी बाहेरचा वायू दूर लोटला जातो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांनुसार, या दीर्घिकेच्या गाभ्यातून दरवर्षी सुमारे ७०० सूर्यांच्या वस्तुमानाइतका वायू बाहेर फेकला जात आहे. नवे तारे घडण्यात मात्र वर्षाला सुमारे २०० सूर्यांइतकाच वायू खर्ची पडतो. हाच वेग राहिला, तर तेथील थंड वायूचा साठा सुमारे १ कोटी वर्षांत संपेल. थंड वायूवाचून तारा जन्मास येत नाही. म्हणजे खाणाऱ्याच्या अधाशीपणाने त्याचे स्वतःचे ताट तर रिकामे होतेच. पण जे तारे अजून जन्मायचे आहेत, त्यांचाही घास जातो.

यावर कोणी म्हणेल, ‘पाहा, लोभाला निसर्गच आवर घालतो, आपण चिंता कशाला करावी?’ मला हा युक्तिवाद पटत नाही. कृष्णविवराला आपण लोभी म्हणतो ते केवळ उपमेने. त्याला इच्छा नाही, म्हणून दोषही नाही. शिवाय तेथे आवर बसतो तो साठा संपल्यावर. विहीर आटली की उपसा थांबतोच. त्याला कोणी संयम म्हणत नाही. तोवर शेजाऱ्याची बाग सुकून गेलेली असते.

संयम म्हणजे ताटात अन्न असतानाच हात आवरणे. ते कृष्णविवराला शक्य नाही, आपल्याला आहे. निसर्गाच्या नियमांनी परिणाम घडतात, कर्तव्य मात्र माणसालाच ओळखावे लागते. आपली भूक भागवताना पुढच्या पंगतीचे अन्न राखून ठेवायचे की नाही, हे आपल्यासाठी दुसरे कोणी ठरवणार नाही.