वजन

व्हिएतनामी भाषेत 'क्वियेन' असा एक शब्द आहे. दरबारी अधिकाऱ्याच्या, म्हणजे 'क्वान'च्या, हाती जी सत्ता असे ती क्वियेन. शब्द मूळचा चिनी. तिकडे त्याचा जुना अर्थ तराजूचे वजन. आम्हाला याचे फारसे नवल वाटले नाही. 'कचेरीत त्यांचे वजन आहे' असे आपणही म्हणतो, आणि फाइल हलत नसेल तर तिच्यावर 'वजन' ठेवण्याचा सल्लाही देतो.

नवल आहे ते पुढेच. व्हिएतनामी माणूस आज आपला हक्कही याच शब्दाने सांगतो. अर्थात आपला 'अधिकार' तरी कुठे वेगळा आहे? साहेबालाही अधिकार, अर्जदारालाही अधिकार. मग ही दोन्ही वजने एकाच तागडीतली काय?

व्हिएतनाममध्ये १०७५ साली परीक्षा घेऊन अधिकारी निवडायला सुरुवात झाली. शेवटची परीक्षा १९१९ सालची. हनोईच्या साहित्य मंदिरात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिलालेख उभे आहेत, त्यांवर उत्तीर्णांची नावे. अधिकारी हा रयतेचा मायबाप, अशी शिकवण. लोकांची म्हण मात्र निराळी: एक जण क्वान झाला की सगळ्या भावकीचे भले! पंधराव्या शतकात राजा ले थान्ह तोंग यांनी अधिकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या मुलखात नेमण्यावर बंधने घातली. राजालाही मायबापांचा भरवसा नव्हता म्हणायचा.

चौदाव्या शतकातले चू वान आन यांची गोष्ट आम्हाला यासाठीच महत्त्वाची वाटते. ते राजपुत्राचे गुरू. दरबारातल्या सात भ्रष्ट अधिकाऱ्यांचा शिरच्छेद करावा, असा अर्ज त्यांनी राजाला दिला. राजाने तो मनावर घेतला नाही. चू वान आन यांनी दरबारी टोपी खुंटीला टांगली आणि डोंगराळ भागात जाऊन मुले शिकवली. आज त्यांच्या नावाने शाळा आहेत, रस्ते आहेत.

क्वियेन सोडून त्यांनी वजन कमावले, असे सारेच म्हणतात. आम्हीही बरीच वर्षे तसेच म्हणत होतो. पण त्या सातांच्या दारात उन्हातान्हात उभी असलेली रयत? तिला टांगायला टोपी नव्हती, जायला डोंगर नव्हता. गुरुजी दरबारात राहिले असते तर तिच्या बाजूने बोलणारे एक तोंड तरी तिथे उरले असते, असे अलीकडे आम्हाला वाटू लागले आहे.