दोष कोठें आणि दोष कोणाचा

एकादें यंत्र बिघडलें म्हणजे आपल्या तोंडून पहिला प्रश्न 'काय बिघडलें?' असा निघत नाहीं, 'कोणीं बिघडविलें?' असा निघतो. हे दोन प्रश्न व्यवहारांत इतके जवळजवळ वावरतात कीं, एकाचें उत्तर मिळालें म्हणजे दुसऱ्याचेंहि मिळालें असें आपण धरून चालतों. तसें धरण्याचा आपल्याला अधिकार आहे काय, हा विचार वाचकांपुढें मांडावयाचा आहे. विषय नीतिशास्त्राचा असला तरी आमचें उदाहरण अगदीं घरगुती आहे: मोटारींतील गाण्याच्या यंत्राच्या तीन-चार तारा.

अहिल्यानगर (२०२४ सालापूर्वींचें अहमदनगर, आमच्या जिभेवर अजून नुसतें 'नगर'च) येथें वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था आहे, रणगाड्यांचें संग्रहालय आहे, तरीहि आमच्या जुन्या मोटारींत नवा स्टिरिओ बसवून घेण्यासाठीं आम्ही अर्थातच बाजारांतल्या एका लहानशा दुकानांत गेलों. मालकानें यंत्र विकलें व त्याच्याकडील वीस-बावीस वर्षांच्या एका मुलानें तें तासाभरांत बसवून दिलें. अशा यंत्राच्या पाठीमागें तारांचा एक झुबका असतो. रूढ संकेताप्रमाणें पिवळी तार बॅटरीशीं कायमची जोडलेली. घड्याळ व लावून ठेवलेलीं केंद्रें यंत्राच्या स्मरणांत राहतात तीं हिच्याच जोरावर. तांबडी तार किल्ली फिरविल्यावर जिवंत होणारी. काळी अर्थिंगची, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाला जोडून विजेला परतीची वाट देणारी. बाकीच्या जोड्या स्पीकरांच्या.

पहिल्याच दिवशीं दोन तक्रारी उभ्या राहिल्या. नगरच्या आकाशवाणीवरील गाण्यामागून एक बारीक शिटी ऐकूं येई, आणि इंजिनाचा वेग वाढला कीं शिटीचा स्वरहि चढे. शिवाय गतिरोधकावर गाडी आदळली कीं गाणें एकदम बंद पडे, व पुन्हां सुरू होई तेव्हां घड्याळ बारावर आलेलें असे. यंत्र बसविण्यापूर्वीं यांतलें कांहींच नव्हतें, बसविल्यावर सर्व झालें. तेव्हां आमचा निकाल तयार होता. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडली म्हणून कावळ्यानें फांदी मोडली असें ठरत नाहीं, हें आम्हीं इतरांस कित्येकदां बजावलें आहे. पण फांदी आपल्या अंगणांतली असली म्हणजे काकतालीय न्याय आठवत नाहीं.

मुलानें यंत्र बाहेर काढलें. काळी तार त्यानें ज्या पत्र्याला स्क्रूनें कसली होती त्या पत्र्यावर रंगाचा थर होता. रंग वीज अडवितो. परतीची वाट अशी अरुंद झाली म्हणजे वीज एरिअलच्या केबलीवरील जाळींतून वाट काढूं लागते आणि अल्टरनेटरची कुरकुर गाण्यांत मिसळते. त्यानें पत्रा खरवडून लखलखीत केला, तार पुन्हां कसली, शिटी गेली. तार सैल करून पाहिली, शिटी आली, कसली, गेली. आपल्या नैयायिकांनीं ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हटलें, आणि मिल्लनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत जी रीत सविस्तर मांडली, ती हीच: कारण असेल तेथें कार्य, नसेल तेथें नाहीं. मुलाला हीं नांवें ठाऊक नसावींत. "चूक माझीच होती, काका," तो म्हणाला, आणि पैसे घेतले नाहींत.

या कबुलीनेंच पुढें त्याचा घात केला. दोनच दिवसांनीं नेवाशास जातांना घोडेगांवाच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यांत आदळली, गाणें थांबलें, घड्याळ बारावर आलें. ज्यानें एक चूक कबूल केली तोच दुसरीचाहि धनी, असें आम्हीं मनाशीं ठरविलें व परततांना थेट दुकान गांठलें. तेथें चार-पांच गिऱ्हाइकें उभीं होतीं. त्यांच्यादेखत आम्ही बोललों. "काम येत नसेल तर लोकांच्या गाड्यांना हात लावूं नये," हें त्यांतलें सौम्य वाक्य. मालकानें आम्हांस बरें वाटावें म्हणून मुलाला तेथल्या तेथें सांगितलें, "आजची हजेरी कापतों तुझी." तें आम्हीं ऐकलें आणि गप्प बसलों.

मुलगा उलट बोलला नाहीं. त्यानें पिवळ्या तारेला मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टांहून थोडें अधिक, म्हणजे बॅटरीचा पुरा दाब दिसला. तार निर्दोष ठरली असें आम्हांस वाटलें. जमलेल्यांपैकीं एकानें मोठा फ्यूज घालण्याचा सल्ला दिला. फ्यूज उडालेलाच नव्हता, ही गोष्ट त्यांना अडचणीची वाटली नाहीं. आणि दहा अँपिअरच्या जागीं तीस अँपिअरचा फ्यूज घालणें म्हणजे फ्यूजचें जळण्याचें काम तारेवर सोंपविणें होय, हें तर त्यांच्या गांवींहि नव्हतें. मुलानें मात्र मीटर बाजूस ठेवून पुढच्या दिव्याचा एक जुना बल्ब आणला व तो पिवळी तार आणि गाडीचें लोखंडी अंग यांच्यामध्यें जोडला. बल्ब मिणमिणला. झुबका हातानें हलविला तेव्हां तो विझला, पुन्हां लागला.

याचें मर्म असें कीं, मीटर तारेंतून जवळजवळ वीज ओढीतच नाहीं. म्हणून सांधा एकाच केसाएवढ्या तंतूवर टिकलेला असला तरी त्याला पुरा दाब दिसतो. बल्ब वीज मागतो, आणि मागितल्याबरोबर सांध्याची खरी स्थिति उघडी पडते. मीटर खोटें बोलला नव्हता; त्याला विचारलेला प्रश्नच सोपा होता. कधीं भार न पडलेल्या माणसांच्या सद्गुणांविषयीं, विशेषतः आमच्या स्वतःच्या, आमचें मत तेव्हांपासून जरा सावध झालें आहे.

तार चाचपीत चाचपीत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागें पोंचला. तेथें एक सांधा होता: दोन तारा नुसत्या पिळून वर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, नगरच्या चार उन्हाळ्यांनीं तिचा डिंक पाघळलेला. ती चिकटपट्टी आम्हीं ओळखली. मोबाइल चार्ज करण्यासाठीं एक जादा सॉकेट चार वर्षांपूर्वीं आम्हींच, एका रविवारीं दुपारीं, मोठ्या अभिमानानें बसविलें होतें. जुन्या रेडिओला वीज थोडी लागे, आणि सांध्याला कोणी हात लावला नव्हता. नव्या यंत्राची भूक मोठी, आणि झुबका आंत ढकलतांना मुलाच्या हातून सांधा वांकला. हा सांधा कोणीं केला, असें मुलानें विचारलें नाहीं. "जुनी जोडणी दिसते," एवढेंच आम्ही म्हणालों. मराठींत कर्त्यावांचून वाक्य किती सोयीनें पुरें होतें याचा तेव्हां प्रत्यय आला. त्यानें तारा डाग देऊन जोडल्या, वर नळी चढविली. आम्ही घरीं गेलों.

आतां दोष कोणाचा? सांधा आमचा, धक्का त्याचा, भार नव्या यंत्राचा, खड्डा रस्त्याचा. ज्या नेवाशास आम्ही निघालों होतों तेथेंच शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका पुरी केली. तिच्याशीं परंपरेनें जोडलेला खांब अद्याप तेथें आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायांत कोणत्याहि कर्माचीं पांच कारणें सांगितलीं आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना करणें, नाना चेष्टा आणि पांचवें दैव. तेथील विवेचन आत्म्याच्या अकर्तेपणाकडे जाणारें आहे, व तें स्टिरिओपर्यंत खालीं ओढलेलें पंडितांस रुचणार नाहीं. पण कार्य एक आणि कारण एक, असा हिशेब जग क्वचितच ठेवतें, एवढी शिकवण त्यांतून घ्यावयास हरकत नसावी.

यावर कोणी म्हणेल, मग कोणालाच दोष देऊं नये काय? हा प्रश्न आम्हां सुशिक्षितांचें आवडतें आश्रयस्थान आहे. आणि ती चिकटपट्टी दिसल्यावर आम्हीं त्याचाच आश्रय घेतला. मुलगा अपराधी होता तोंवर कारण एकच होतें. आमचा सांधा सांपडल्याबरोबर कारणें पांच झालीं. आमच्या मतें हें तत्त्वज्ञान नव्हे, पळवाट आहे. दोष कोठें आहे हें शोधतांना कारणांची यादी जितकी लांब होईल तितकी बरी. भरपाई कोणीं करावयाची हें ठरवितांना मात्र प्रत्येकानें त्या यादींतली आपली ओळ तेवढी वाचावी. शिवाय गाणें बंद पडणें निराळें आणि हजेरी कापली जाणें निराळें. पहिल्याचीं कारणें पुष्कळ असतील. दुसऱ्याचें कारण आमचा चढलेला आवाज. मालक होता, हें खरें. पण ती कल्पना त्याला कोणीं दिली?

हें सर्व आमच्या ध्यानांत यावयास आठ दिवस लागले. नंतर एके संध्याकाळीं, गर्दीची वेळ मुद्दाम साधून, आम्ही दुकानांत गेलों आणि सांधा आमच्याच हातचा होता, मुलाचा नव्हे, असें सर्वांदेखत सांगितलें. गिऱ्हाइकें होतीं, पण तीं निराळीं. आमचें पहिलें बोलणें ज्यांनीं ऐकलें होतें त्यांतला एकहि तेथें नव्हता, व तीं माणसें नगरच्या कोणत्या पेठेंत भेटतील हें सांगणें अशक्य. मालक "जाऊं द्या हो" म्हणाला. हजेरीचे पैसे आम्हीं मुलाच्या हातांत दिले. त्यानें ते मोजले नाहींत.

"मला त्याच दिवशीं कळलें होतें, काका," तो म्हणाला. "असा सांधा कंपनींतला नसतो. टेप घरची होती."

"मग बोलला कां नाहींस?"

"दुकानांत लोक होते," असें म्हणून त्यानें पुढच्या गाडीचें दार उघडलें, आणि हातांत बल्ब घेऊन डॅशबोर्डखालीं वाकला.