आज पाळी कोणाची?

एरंडोल हे जळगाव जिल्ह्यातील अंजनी नदीकाठचे जुने गाव. लाक्षागृहातून वाचल्यावर पांडव ज्या एकचक्रा नगरीत गुप्तपणे राहिले ती हीच, असे तेथील लोक परंपरेने मानितात. जवळच पद्मालयाच्या रानात भीमकुंड दाखवितात. इतर प्रांतांतील गावेही हा मान मागतात. तो वाद आम्हांस करावयाचा नाही.

वाचकहो, भीमाचे नाव निघाले की गाडाभर भात फस्त करणारा वीर डोळ्यांपुढे येतो. परंतु ह्या कथेचा आरंभ बळाने होत नाही, रडण्याने होतो. गाडाभर अन्न, दोन रेडे व ते नेणारा एक माणूस बकासुरास द्यावा, अशी घरोघर पाळी होती. ती एका गरीब ब्राह्मणावर आली. बाप म्हणे मी जातो, आई म्हणे मी, कन्या म्हणे मला पाठवा. आणि बोबडे बोलणारा धाकटा मुलगा गवताची काडी उगारून म्हणाला की, हिनेच मी राक्षसाला मारीन! त्या दुःखातही घरच्यांस हसू आले. त्याच घरी आश्रयास राहिलेल्या कुंतीने हे रडणे ऐकिले व आपल्या मुलास पाठविण्याचे ठरविले. धर्मराजाने आईस दोष दिला. तिने मानिले नाही. ज्याच्या छपराखाली आपण सुखाने राहिलो त्याचे ऋण फेडलेच पाहिजे, असे तिचे म्हणणे.

आता शास्ते ह्या पुस्तकातील शमशोनाकडे पाहा. त्याने गज्जा नगराच्या वेशीची दारे खांबांसकट उपटून डोंगरमाथ्यावर नेली. पराक्रम खराच, पण त्याने कोणाच्या डोक्यावरचे ओझे उतरले? देवाने दिलेले बळ त्याने बहुतेक आपल्याच सुडात खर्चिले, आणि अखेर आंधळा होऊन शत्रूच्या बंदिशाळेत दळीत बसला.

आफ्रिकेतील हौसा लोकांत एका बढाईखोराची गोष्ट आहे. मीच काय तो खरा मर्द, असे तो मिरवी. एका विहिरीवर दहा जणांनी ओढावा असा पोहरा होता. तो ह्याला हलेना. तोच एक बाई मूल घेऊन आली, व त्या लहानग्याने पोहरा सहज वर काढिला! खानदेशातील विहिरींवर पाणी शेंदणाऱ्या बायांस ही गोष्ट फार आवडेल.

आमच्या गावांतही पाळ्या येतात : कधी सावकाराच्या तगाद्याची, कधी दुखण्याची, कधी पेरणीच्या तोंडावर बैल मरण्याची. खळ्यावर पोते उचलण्याची पैज जिंकणारे तरुण मंडळीत आहेत, व त्यांचे आम्हांस कौतुक वाटते. पण विधवेच्या शेतात वेचणीचा कापूस पावसात भिजत असता ते खांदे कोठे असतात, हे त्यांस कोणी विचारावे? आम्हांस वाटते, आयांनी विचारावे. उपदेशकाचे ते ऐकून घेतात. आईचे ऐकून उठतात.

बकासुरास मारून भीमाने त्याचे प्रेत वेशीपाशी टाकिले आणि कोणाच्या दृष्टीस न पडता तो घरी आला. सकाळी नगरजनांनी पाळी कोणाची होती ते हिशेब करून काढिले व ते त्या ब्राह्मणाच्या दारी गेले. त्याने पांडवांचे नाव सांगितले नाही.