दारुड्याचं काम कोणाला?

शाळेतल्या व्यसनमुक्तीच्या नाटुकल्यात सगळ्यात जास्त मागणी कोणत्या कामाला असते, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. दारुड्याच्या. डॉक्टर, सरपंच, समजूतदार गुरुजी, निर्धार करणारी मुलगी ही कामं बाईंना वाटून द्यावी लागतात. दारुड्यासाठी मात्र न विचारता हात वर होतात. गॅदरिंगच्या दिवशी टाळ्या, शिट्ट्या आणि पालकांचं हसू हे सगळं त्याच्याच वाट्याला येतं. शेवटी तो बाटली फेकतो, सगळे एका रांगेत उभे राहून घोषणा देतात आणि पडदा पडतो. नाटिकेतून मोलाचा संदेश मिळाला, असं पाहुणे भाषणात सांगतात. घरी जाताना मुलं नक्कल करत असतात ती दारुड्याची.

याला पोरांचा वाह्यातपणा म्हणून सोडून देता येईल. मला वाटतं, त्या नाटुकल्यातलं एकमेव खरं पात्र त्यांनी अचूक हेरलेलं असतं. डॉक्टरच्या तोंडची वाक्यं आरोग्य खात्याच्या पत्रकातली असतात, सरपंचाची वर्तमानपत्रातली. दारुड्या पायरी कशी चुकतो, एकच गोष्ट तीनदा कशी सांगतो, उगाच कोणाच्याही गळ्यात कसा पडतो, हे मुलांनी स्वतः पाहिलेलं असतं. निरीक्षण, शरीर, लय, समोरच्याला हसवण्याची वेळ, नाटक शिकायला जे लागतं ते सगळं तिथे तयार आहे. आणि तालमीत आपण वेळ घालवतो तो घोषणा एका सुरात म्हणवून घेण्यात.

झाडे लावा, पाणी वाचवा, मुलगी शिकवा, मोबाइल टाळा. विषयांत खोट नाही. खोट ही की उत्तर तालमीच्या आधीच ठरलेलं असतं, आणि मुलं मोठ्यांचीच वाक्यं मोठ्यांना परत ऐकवतात. नाटक उभं राहतं ते दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात म्हणून, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं म्हणून. शाळेचा बाकीचा दिवस एका बरोबर उत्तराभोवती फिरतो. आपल्याला न पटणाऱ्या माणसाची बाजू आपल्याच तोंडून, त्याची टिंगल न करता, पूर्ण ताकदीनं मांडावी लागते, असा तास वेळापत्रकात नाटकाचाच असू शकतो. तो घ्यायचा तर याचसाठी घ्यावा. धीटपणा येतो, पाठांतर सुधारतं, उच्चार स्पष्ट होतात, हे फायदे खरे आहेत, पण ते वक्तृत्व स्पर्धेतूनही मिळतात.

मराठीत हे कोणाला उमगलं नव्हतं असं कसं म्हणू? १९५९मध्ये सुधा करमरकरांनी लिटल थिएटरतर्फे रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ केलं आणि बालरंगभूमीला नेटका, व्यावसायिक दर्जाचा रंगमंच मिळाला. दादरच्या छबिलदास शाळेत सुलभा देशपांडे शिक्षिका होत्या. तिथल्या मुलांसाठी विजय तेंडुलकरांनी नाटिका लिहून दिल्या. पुढे मुलांच्या नाटकांसाठी ‘चंद्रशाळा’ उभी राहिली, ‘दुर्गा झाली गौरी’ आलं. १९८६पासून डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची नाटकं पुण्यात मराठीत आणली. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ या नावातच त्यांचा पवित्रा कळतो. मोठी नटमंडळी मुलांची कामं करतात, राक्षस-परी कोणी नाही, भांडण आईबाबांशी आणि शेजाऱ्यांशी. पण हा बराचसा इतिहास मुलांसाठी केलेल्या नाटकाचा, किंवा निवडक मुलांना घेऊन केलेल्या नाटकाचा आहे. साठ मुलांच्या वर्गात, पस्तीस मिनिटांच्या तासात नाटक शिकवायचं म्हणजे काय करायचं, हा प्रश्न त्याच्या शेजारून निघून जातो. २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं संगीत, नृत्य, दृश्यकला यांच्या बरोबरीनं नाट्यालाही शालेय शिक्षणात जागा मागितली. कागदावर ती मिळालीही. चित्रकलेला मात्र तास आहे, खोली आहे, ग्रेड परीक्षा आहे. नाटकाला डिसेंबर आहे.

वर्गातल्या नाटकाचा विचार ज्यांनी मुळातून केला त्यांत इंग्लंडच्या डोरोथी हीथकोट यांचं नाव घ्यावंच लागतं. चौदाव्या वर्षी शाळा सोडून त्या यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरणीत कामाला लागल्या. पुढे नाट्यशिक्षण घेतलं आणि न्यूकॅसल विद्यापीठात कितीतरी वर्षं शिक्षक घडवले. त्यांची एक युक्ती फार साधी आहे. शिक्षकानं बाजूला उभं राहून सूचना द्यायच्या नाहीत, स्वतःच एक पात्र होऊन वर्गात यायचं. तेही शक्यतो असं पात्र, ज्याला मुलांच्या मदतीची गरज आहे.

आपल्या दारुड्याला ही युक्ती लावून पाहू. समजा, बाई दारातून आत येतात त्या त्याची म्हातारी आई होऊन. गावाहून आल्या आहेत. लेकाचं पत्र नाही, फोन लागत नाही. ‘बाळांनो, तुमच्याच चाळीत राहतो म्हणे. बरा आहे ना तो?’ वर्गाला आता ठरवायचं आहे. खरं सांगायचं? कोणी सांगायचं? अर्धं सांगून चालेल? एखादी मुलगी पटकन म्हणेल, ‘तो कामाला गेलाय, आजी.’ दुसरा तिला कोपरानं ढोसेल. इथे कोणाकडेही संहिता नाही, तरी नाटक सुरू झालेलं आहे. शिवाय ज्याला एरवी झाडाचं नाहीतर भालदाराचं काम मिळालं असतं, तोही त्यात आहे. बाई मध्येच पदर नीट करून पुन्हा बाई होतात, नाटक थांबवतात आणि विचारतात, तू खोटं का बोललीस? ‘म्हातारीला वाईट वाटलं असतं’ हे उत्तर आलं, की मग दारुड्याच्या बायकोकडे वळता येतं. छापील नाटुकल्यात ती नुसती रडते. ती पैसे कुठे लपवते? त्याला रस्त्यावर तमाशा करू न देण्यासाठी तीच कधी पोराला बाटली आणायला पाठवते का? हा प्रश्न विचारला की घोषणा म्हणणं अवघड होऊन बसतं. अवघड झालेलं बरं.

यात धोका आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. जिथे हा खेळ रोज घरी चालतो असं एखादं मूल त्या साठांत बसलेलं असण्याची शक्यता मोठी आहे. हौशी शिक्षक उत्साहाच्या भरात त्यालाच पुढे ओढू शकतो, ‘तुला माहीत असेल, तू कर’ म्हणून. याहून क्रूर सूचना नाही. नाटकाची सगळी सोय यासाठीच आहे की माणूस आपलं दुःख दुसऱ्याच्या नावावर ठेवून बोलू शकतो. म्हणून पात्राला वेगळं नाव, वेगळं गाव, वेगळा धंदा द्यायचा. ‘तुझ्या घरी असं होतं का?’ हा प्रश्न वर्गात कधीच विचारायचा नाही. तास संपण्याआधी सगळ्यांना भूमिकेतून बाहेर काढायचं, चेष्टामस्करी करून का होईना. एखाद्या मुलानं स्वतःहून काही सांगितलं तर ते तासानंतर, एकट्यात ऐकायचं. गरज पडली तर जाणकाराकडे न्यायचं, कारण शिक्षक मानसोपचारतज्ज्ञ नसतो. एवढी शिस्त पाळणाऱ्या शिक्षकाच्या वर्गात गप्प बसणारं मूलच कधी कधी म्हातारीला सगळ्यात शहाणं उत्तर देतं.

मतकरींनी आयुष्याच्या अखेरच्या दशकात ठाण्यात ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला, समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीनं. वस्त्यांमधली मुलं आपले विषय आपण निवडतात, नाटिका आपण बांधतात आणि ‘नाट्यजल्लोष’मध्ये सादर करतात. ‘अलबत्त्या गलबत्त्या’ लिहिणारा, मुलांना खिळवून ठेवण्याची कला हातचा मळ असलेला माणूस लेखणी मुलांच्या हाती देऊन बाजूला बसतो, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. शाळांना यातून उचलण्यासारखी एक गोष्ट म्हणजे भाषा. आपल्या शालेय नाटकात भाजीवालीसुद्धा पुस्तकी बोलते, आणि बोलीत बोलतो तो फक्त विनोदी गडी. अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाला आपल्या बोलीत न्यायाधीश होऊ द्या, मग आवाज चढवायला सांगावं लागत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग प्रयोगच कशाला? वर्गातच खेळू दे की. पीटर स्लेड यांनी ‘चाइल्ड ड्रामा’मध्ये १९५४ सालीच असंच काहीसं मांडलं होतं. लहान मुलांना कमानी रंगमंचावर उभं करू नये, त्यांचं खेळणं हेच त्यांचं नाटक. बालवाडीपुरतं मला ते पटतं. सहावी-सातवीच्या पुढे मात्र प्रेक्षक हवाच. आपल्याला जे वाटलं ते समोर बसलेल्या अनोळखी माणसापर्यंत पोहोचलं का, याचा हिशेब तालमीत लागत नाही. वाक्य ऐकू आलं नाही की मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते, आणि ती चुळबुळ जितकं शिकवते तितकं बाईंचं ‘मोठ्यानं बोल रे’ शिकवत नाही. पडद्यामागे राहून वेळेवर दिवा लावणाऱ्या मुलालाही आपल्या एका सेकंदाची किंमत प्रयोगातच कळते.

बिघडतं ते प्रयोगामुळे नव्हे, करंडकामुळे. बाहेरून दिग्दर्शक येतो, त्याच्याबरोबर संहिता येते, नेपथ्य येतं, कधी ध्वनिमुद्रित संवादही येतात, म्हणजे मुलांनी तोंडं तेवढी हलवायची. विषय जितका भीषण तितके गुण जास्त अशी एक समजूत पसरलेली आहे. त्यामुळे दहा वर्षांची मुलं आत्महत्या, दंगल आणि दुष्काळ यांवर काळोखात किंकाळ्या फोडतात. परीक्षकांना गहिवरून येतं. त्या मुलांना विचारावं, तुझ्या शेतकऱ्यावर कर्ज कशाचं होतं? पाइपलाइनचं, बियाण्याचं की बहिणीच्या लग्नाचं? बहुतेकांना हे कोणी सांगितलेलं नसतं, आणि त्यांनीही विचारलेलं नसतं.

उरला मूल्यमापनाचा प्रश्न, कारण शाळेत ज्याची नोंद होत नाही ते फार दिवस टिकत नाही. आकारिक मूल्यमापनाच्या वहीत वर्णनात्मक नोंदी असतात, आणि त्या तयारही मिळतात: संवाद साभिनय म्हणतो, नाट्यीकरणात उत्साहाने भाग घेतो. शंभर मुलांना पुरतील अशा या ओळी आहेत. त्याऐवजी शिक्षकानं दोनच गोष्टी लिहाव्यात असं मी सुचवेन. या मुलानं कोणाचं काम केलं? आणि काम करण्याआधी त्या माणसाविषयी त्याला ठाऊक नसलेलं काय त्यानं शोधून काढलं? पहिल्या सत्रात दुसरा रकाना बहुतेक रिकामाच राहील. तपासणीला आलेल्या साहेबांना तो तसाच दाखवावा.